सिलिंडर उचला, पण कंबर सांभाळून

भरलेला घरगुती सिलिंडर म्हणजे १४.२ किलो गॅस आणि जवळजवळ तेवढंच लोखंड. एकूण ३० किलोच्या आसपास. मी तो एकदा गुडघे ताठ ठेवून उचलला, उचलता उचलता ओट्याकडे वळलो, आणि पुढचे आठ दिवस माझ्या पायात मोजेसुद्धा बायकोने घातले.

गणित तरफेचं आहे. पाठीचे स्नायू मणक्यांमधल्या चकतीपासून जेमतेम ५ सेंटिमीटरवरून ओढतात. सिलिंडर ५० सेंटिमीटर पुढे धरला की त्यांना दसपट जोर लावावा लागतो, म्हणजे तीनशे किलोचा! वर आपल्या धडाचं ओझं वेगळंच. तोच २५ सेंटिमीटरवर आणा, दीडशे.

म्हणून आधी त्याच्या अगदी जवळ जा, पाय दोन्ही बाजूंना. पाटावर बसायला टेकतो तसे कुल्ले मागे नेत गुडघे वाकवा. कडं दोन्ही हातांनी धरा, पोट आवळा आणि मांड्यांच्या जोरावर उठा. वळायचंय? पावलं फिरवा, कंबर पिळू नका.

खरं तर सपाट फरशीवर उचलायचाच कशाला? गॅसवाला पोऱ्या तो तिरका करून बुडाच्या कडेवर गरगर फिरवत नेतो, तसा न्या. फरशीवर ओरखडे उठतील, त्यावरून घरात बोलणी बसतील.