तोंडाच्या कॅन्सरच्या उपचारात या चुका टाळा (दोन आमच्याकडून झाल्या)

दाजी मिसळीला कट नको म्हणाले, तेव्हाच ओळखायला हवं होतं. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत उभा जन्म काढलेला माणूस नुसती उसळ पावाला लावून खातो म्हणजे काय? डाव्या गालात, दाढेजवळ चट्टा होता. "दाढ टोचतीया रं, दुसरं काय न्हाई," म्हणत अडीच महिने गेले. दोन मलमं झाली, बी-कॉम्प्लेक्स झालं, दाढ घासून झाली. तंबाखू-सुपारीचा मावा चालूच. फक्त डावीकडचा उजव्या गालात गेला.

ही आमची पहिली चूक. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, मानेतली न दुखणारी गाठ, बसलेला आवाज, यांना मलम नाही. कान-नाक-घसा किंवा कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवायचं. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील आणि तिखट झोंबत असेल, तर सुपारीने गाल आतून आखडतोय. त्यालाच सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. चट्ट्याशेजारची दाढ हलतेय म्हणून सरळ उपटूनही टाकू नका. ती गाठीमुळे हलत असू शकते.

"तुकडा काढला की पसरतो"

हे सांगणारा प्रत्येक गल्लीत एक असतोच. बायोप्सीने, म्हणजे तपासायला असा तुकडा काढल्याने, कॅन्सर पसरत नाही, आणि रिपोर्टशिवाय कोणताही शहाणा डॉक्टर उपचार सुरू करत नाही.

गालाचं ऑपरेशन, मग मान का चिरायची?

आमच्या घरात सगळ्यात मोठं भांडण यावरून झालं. ताई म्हणाली, मानेत गाठ लागत नाही, उगाच कापाकापी कशाला? वाटण्यासारखंच आहे. पण तोंडाचा कॅन्सर आधी मानेच्या गाठींत (लसिका ग्रंथी, त्या सगळ्यांनाच असतात) उतरतो, तेही त्या फुगून हाताला लागण्याआधी. मुंबईच्या टाटा मेमोरियलने याच प्रश्नावर मोठा अभ्यास केला. 2015 साली छापून आलेल्या त्या निकालात, सुरुवातीच्या टप्प्यातल्या ज्या रुग्णांच्या मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, त्यांच्यातले 80 टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत 67.5 टक्के. ताई हे आकडे ऐकून गप्प बसली. म्हणूनच "ओळखीचे सर्जन आहेत, चट्टा तेवढा काढून देतात" हा सौदा महागात पडतो. सर्जरी, रेडिएशन आणि किमो या तिघांचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात, अशीच जागा शोधा. गाल किंवा जबडा काढल्यावर तिथे काय भरणार, छातीचा स्नायू की पायाचं हाड, हेही आधीच विचारा. स्वरयंत्राचा कॅन्सर असेल तर ते काढावंच लागेल असं नाही. लवकर सापडला तर नुसत्या रेडिएशननेही बरा होतो आणि आवाज राहतो.

मुंबईला दुसरं मत घ्यायला जाणारे महालक्ष्मी एक्स्प्रेसने फाइल घेऊन जातात आणि बायोप्सीचे ब्लॉक-स्लाइड (मेणात जपलेला तुकडा आणि त्याच्या काचपट्ट्या) इथल्या लॅबमध्येच विसरतात. नुसत्या कागदावर तिथले डॉक्टर बोलत नाहीत, मग हेलपाटा. ऑपरेशन मुंबईत करून रेडिएशन कोल्हापूरला घेता येतं, पण ते ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. तारीख आधीच पक्की करा. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचंही तसंच: ती कॅशलेस आहे. मंजुरी आधी लागते, पैसे भरून मागाहून पावत्या दाखवण्याचा उपयोग नाही. दाखल होतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा.

लाईट बुडवणे

आपल्याकडे रेडिएशनला लाईट म्हणतात. आठवड्याला पाच, अशा 30 ते 33. दाजींच्या बाविसाव्या लाईटला पुतण्याचं लग्न आलं. "चार दिसांनी काय हुतंय?" होतं ते असं, की मधल्या सुट्टीत उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात आणि बरं होण्याची शक्यता कमी होते. ही आमची दुसरी चूक, आणि ती मी स्वतः होऊ दिली. मीच गाडी काढली होती.

लाईटच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाणं अनेकांना फालतू वाटतं. खराब दात तेव्हाच काढून किमान दोन आठवडे जखम भरू द्यायची असते. नंतर काढला, तर भाजलेलं जबड्याचं हाड भरून येत नाही, कधीकधी सडतं. पुढेही दात काढायचा झाला, तर लाईट झाल्याचं आधी सांगा.

तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं, गिळवत नाही. नाकातली नळी म्हणजे शेवट, असं समजून लोक ती नाकारतात आणि दहा किलो घटतात. मग लाईट थांबते. नळी तात्पुरती असते. दूध, नाचणीची पेज, पातळ वरण त्यातून जातं. आणि मावा किंवा विडी त्या काळात चालू ठेवली तर उपचाराचा गुण कमी येतो. दाजींनी सोडला, पण उशाखालची शेवटची पुडी ताईला सापडली.

संपल्यावर पहिली दोन वर्षं तपासणी चुकवू नका, परत येणारा बहुतेक त्यातच येतो. मानेला लाईट झाली असेल तर वर्षातून एकदोनदा थायरॉइडची रक्ततपासणी. खांद्याचा आणि तोंड उघडण्याचा व्यायाम रोज. दाजी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरतात. ऑपरेशननंतर नऊ जायच्या, आता चौदा जातात. तेरावर अडकल्या तर त्या दिवशी कुणाशी बोलत नाहीत.