रेस दिली की गाडी फट् फट् करते? आधी आवाज कुठून येतो ते शोधा

खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरला जरा जास्त रेस दिली की माझी गाडी फट् फट् करायची आणि एक झटका द्यायची, सपाट रस्त्याला मात्र काहीच नाही, एकदम शांत. पेट्रोल-सीएनजी गाडी आहे. एका गॅरेजवाल्याने फ्युएल पंप बदलून दिला, चांगलेच पैसे गेले आणि परत येताना त्याच चढाला तोच आवाज. शेवटी घरीच प्लग काढून बघितले आणि खरं कारण सापडलं, ते पुढे सांगतो. पण म्हणूनच कळकळीने सांगतोय, आवाज कुठून येतो ते ठरल्याशिवाय एकही पार्ट बदलू नका.

पहिली गोष्ट, आवाज इंजिनाचा आहे की चाकाचा. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गाडी फिरवा, दोन्ही बाजूंना. वळताना कट कट कट येत असेल आणि चाकाच्या स्पीडबरोबर ती कटकट वाढत असेल तर तो एक्सलचा बाहेरचा जॉइंट आहे, इंजिनाला हात लावायची गरजच नाही. चाकाच्या आतल्या बाजूला रिमवर ग्रीस उडालेलं दिसेल, म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण, ज्याला बूट म्हणतात, ते फाटलंय. बूट नुकताच फाटला असेल तर नवीन बूट आणि ग्रीसवर भागतं, आवाज सुरू झाला असेल तर जॉइंटच बदलावा लागतो. आणि गाडी जागेवरून सुटताना एकदाच ठक् होत असेल तर इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसवलेलं असतं ते बघा, रबर दबलेलं असतं.

सायलेन्सरचा लीक ओळखायला सकाळी गाडी थंड असताना स्टार्ट करा. टक टक आवाज येतो, रेस दिली की वाढतो आणि गरम झाल्यावर कमी होतो, कारण धातू फुगून फट थोडी बुजते. मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर आणणारा पहिला पाइप) गॅस्केटपाशी काळी काजळी दिसली की समजायचं. गाडी तापलेली असताना तिथे हात घालू नका, आणि बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका, तो धूर जीवावर बेततो.

आता खरा विषय, मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये इंधन न पेटणं. उभ्या गाडीत रेस देऊन हे कळेलच असं नाही कारण लोड नसतो. चढाला सिलेंडरमधलं प्रेशर वाढतं, मग स्पार्क पडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि प्लग किंवा कॉइल (प्लगला ते व्होल्टेज देणारा भाग) कमजोर असेल तर नेमका तिथेच स्पार्क चुकतो, न जळलेलं इंधन पुढे जाऊन गरम सायलेन्सरमध्ये पेटतं आणि तो फट् आवाज येतो. सीएनजीला पेट्रोलपेक्षाही जास्त व्होल्टेज लागतं म्हणून बिघाड आधी सीएनजीवर दिसतो. त्याच चढाला एकदा सीएनजीवर आणि एकदा पेट्रोलवर चालवून बघा. फक्त सीएनजीवर होत असेल तर आधी प्लग बघा, मग सीएनजीचा फिल्टर आणि किटचं ट्यूनिंग, हे ट्यूनिंग मात्र किटवाल्याकडूनच करून घ्या.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा छोटा ओबीडी स्कॅनर मिळतो, मोबाईलला ब्लूटूथने जोडायचा. पी०३०२ कोड आला म्हणजे २ नंबर सिलेंडर मिस होतंय, पी०३०० म्हणजे कुठलंही एक नाही, इकडे तिकडे होतंय. प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असेल तर २ नंबरची कॉइल ३ ला लावा, स्कॅनरने कोड खोडा आणि चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली, तिथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. फुकटातली टेस्ट आहे, पण यानेच सगळ्यात जास्त पैसे वाचतात. पी०१७१ आला तर मिक्श्चर लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय, बऱ्याचदा कुठूनतरी फुकटची हवा आत जात असते, एअर फिल्टरनंतरचा पाइप, क्लिपा आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या बोटाने दाबून भेगा बघा, सू सू आवाज पण येतो. हवा शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल वगैरे अजिबात शिंपडू नका, आग लागते.

प्लग काढताना इंजिन पूर्ण थंड हवं, हेड अॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर मोठा खर्च. काढायच्या आधी प्लगभोवतीच्या खड्ड्यातली धूळ हवेने उडवा. माझ्या २ नंबरच्या प्लगचं टोक एकदम चांगलं होतं, म्हणून आधी फसलो, पण पांढऱ्या चिनी मातीवर वरून खालपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ होती आणि प्लगवर बसणाऱ्या कॉइलच्या रबरात आतून बरोबर तशीच. म्हणजे स्पार्क टोकाला न पडता त्या रेघेवरून बाहेरच पळत होता. ही रेघ पुसून जात नाही. नुसता प्लग बदलला तर जुन्या रबरामुळे नव्यालाही तीच रेघ पडते, म्हणून प्लग आणि रबर दोन्ही एकत्रच बदला, मी तेच केलं. पेट्रोलला प्लगच्या टोकाचा गॅप (स्पार्क जिथे पडतो ती फट) साधारण १ ते १.१ एमएम असतो, सीएनजीवर बरेच मेकॅनिक ०.७-०.८ ला आणतात, तरी तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय दिलंय ते पहिलं बघा, आणि इरिडियम प्लग असेल तर ठोकाठोकी नको, टोक तुटतं. नवीन प्लग आधी हातानेच फिरवत बसवा, पाना शेवटी.

एक अर्जंट गोष्ट, चेक इंजिन लाइट नुसती लागलेली नसून लुकलुकत असेल तर रेस कमी करा आणि गाडी जास्त पळवू नका. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा पार्ट) जळतं, आतली जाळी वितळते, आणि तो पार्ट प्लगच्या कितीतरी पट महाग आहे.

काम झालं की कोड खोडून जिथे आवाज यायचा त्याच चढावर, त्याच गिअरला, सीएनजीवरच चालवून बघा. गल्लीत फेरी मारून काही कळत नाही, मी परत खंबाटकीलाच गेलो होतो.