लॅटेक्सची गादी इंचावर घेऊ नका, किलोवर घ्या

एकाच मापाच्या, ७८ बाय ६० च्या, ६ इंची ‘नैसर्गिक लॅटेक्स’ गाद्या. एक २२ हजारांना, दुसरी ३६ ला, तिसरी ५८ ला. तिन्हींवर रबराच्या झाडाचं चित्र आणि हात दाबला की तिन्ही मऊ. दुकानात पाच मिनिटं आडवं होऊन यातला फरक कळत नाही, कारण तो पोटात असतो. पण गादीचं वजन, आतला थर आणि बिलावरचा एक शब्द एवढं तपासलं तर बराच उलगडा होतो.

आधी वजन काढायचं कसं ते बघू. लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणाकार करा आणि त्याला ६१,००० ने भागा, की घनमीटर मिळतात. त्याला घनतेने गुणलं की किलो. ७८ × ६० × ६ म्हणजे २८,०८०; भागल्यावर ०.४६. घनता ८० असेल (म्हणजे एका घनमीटरला ८० किलो), तर गाभ्याचं वजन जवळपास ३७ किलो. त्यावर कव्हरचे दोन-तीन किलो धरा. ७८ × ७२ ची गादी याच हिशेबाने ४४ किलोंवर जाते, ७२ × ३६ ची सिंगल २० किलोंच्या आसपास राहते.

आता विक्रेत्याला विचारा, ‘गादीचं वजन किती?’ कुरिअरने पाठवणाऱ्याला हा आकडा माहीत असावाच लागतो. ६ इंची डबल गादीचं वजन तो २४-२५ किलो सांगत असेल, तर आत पूर्ण लॅटेक्स नाही. वर २ इंच लॅटेक्स म्हणजे १२ किलो, खाली ४ इंच साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम म्हणजे १० किलो, आणि कव्हर, हे गणित तिथे बरोबर जुळतं. अशी गादी वाईटच असते असं नाही. ती लॅटेक्सच्या भावाने घेऊ नये, इतकंच.

किलोचा भाव

वरच्या तीन गाद्यांचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणापुरते आहेत, पद्धत महत्त्वाची. २२ हजारांची गादी अशीच, वर २ इंच लॅटेक्स आणि खाली फोमची, धरली आणि तिच्यातून फोम आणि कव्हरचे ५ हजार वजा केले, तर १२ किलो लॅटेक्सला १७ हजार पडले, म्हणजे किलोला १,४०० च्या घरात. ३६ हजारांच्या पूर्ण लॅटेक्स गादीतून कव्हरचे ३ हजार काढले की ३७ किलोंना ३३ हजार, म्हणजे किलोला ९०० च्या आत. स्वस्त वाटणारी गादी प्रत्यक्षात महाग निघते ती अशी. ५८ हजारांची गादीही ३७ किलोंचीच असेल, तर सेंद्रिय सुताच्या कव्हरचे ६ हजार वजा जाता किलोला १,४०० पडतात. ते वरचे ५०० रुपये कशाचे, हा प्रश्न तिथे विचारायचा. सेंद्रिय प्रमाणपत्राचे असतील, शोरूमच्या भाड्याचे असतील, शंभर रात्री वापरून परत घेण्याच्या सोयीचे असतील. यातलं आपल्याला काय हवं ते आपण ठरवायचं.

फार कमी भावालाही तितकंच घाबरावं. कोट्टायमच्या रबर बोर्डाच्या संकेतस्थळावर ६० टक्के लॅटेक्सचा भाव येतो. झाडातून निघणाऱ्या चिकात रबर साधारण एक तृतीयांश असतं. सेंट्रिफ्यूजमधून फिरवून ते ६० टक्क्यांवर आणतात आणि गादीचा कारखाना हेच विकत घेतो. एक किलो कोरड्या रबरासाठी असं लॅटेक्स सुमारे १.६७ किलो लागतं. म्हणजे बोर्डाच्या किलोमागच्या भावाची १.६७ पट हा निव्वळ कच्च्या मालाचा खर्च. त्यावर रसायनं, वाफ, धुणं, वाळवणं, वाया जाणारा माल, वाहतूक, कर आणि दुकानदाराचा नफा. गादीचा किलोभाव कच्च्या मालाच्या जेमतेम वर असेल, तर आत दुसरं काहीतरी मिसळलेलं आहे.

काय मिसळतात

मुख्य भेसळ दोन प्रकारची. एक, एसबीआर नावाचं कृत्रिम लॅटेक्स, जे पेट्रोलियमपासून बनतं. ‘१०० टक्के लॅटेक्स’ असं छापलेल्या गादीत ते बिनदिक्कत असू शकतं, कारण कृत्रिम लॅटेक्स हेही लॅटेक्सच. त्यामुळे ‘नैसर्गिक’ हा शब्द बिलावर हवा. नुसत्या जाहिरातीतला कामाचा नाही. चांगल्या नैसर्गिक गाभ्यातही रबर पूर्ण शंभर टक्के नसतं. गंधक, झिंक ऑक्साइड, साबण वगैरे मिळून थोडे टक्के दुसरं असतंच, त्याशिवाय फोम तयार होत नाही. म्हणून ‘९५ टक्के’ म्हणणारा बऱ्याचदा ‘१००’ म्हणणाऱ्यापेक्षा खरा असतो.

दुसरी भेसळ खडूच्या किंवा चिनी मातीच्या भुकटीची. ही जास्त लबाड, कारण ती वजन वाढवते आणि आपला वजनाचा काटा तिथेच फसतो. ती पकडायची असेल तर विक्रेत्याकडून गाभ्याचा नमुन्याचा तुकडा मागा. कापताना उरलेले तुकडे कारखान्यात असतातच. तुकडा दुमडून चिमटीत घट्ट धरा, मिनिटभराने सोडा. चांगलं लॅटेक्स लगेच सरळ होतं, वळ राहत नाही. भुकटी भरलेलं दुमडीवर चिरतं, आणि फाटलेली कड काळ्या कापडावर घासली की पांढरी पूड पडते. अजून खात्री हवी असेल तर सुपारीएवढा तुकडा उघड्यावर चिमट्यात धरून जाळा, धूर नाकात जाऊ देऊ नका. थोडी राख उरली तर ठीक. तुकड्याच्या आकाराचा पांढरा सांगाडाच उरला तर ती माती आहे. कृत्रिम आणि नैसर्गिक रबर मात्र या जाळण्याने ओळखता येत नाही, दोन्ही काळा धूर काढत जळतात. व्हिडिओंमध्ये दाखवतात त्या ‘लायटर टेस्ट’ने फार तर पीयू फोम वेगळा कळतो, कारण तो वितळून थेंब गळतो.

रंगावर फार भिस्त ठेवू नका. नैसर्गिक लॅटेक्स सायीसारखं पिवळसर असतं हे खरं, पण तो रंग देताही येतो. वासाचं मात्र लक्षात घ्या. नव्या गाभ्याला गोडसर रबरी वास येतो आणि हवेशीर खोलीत दोन-तीन आठवड्यांत तो जवळपास जातो. नाकाला झोंबणारा अमोनियासारखा वास म्हणजे गाभा नीट धुतलेला नाही. धुण्यात कसर केली की साबण आणि प्रथिनं आत राहतात, असा फोम लवकर पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. ज्यांना रबराच्या हातमोज्यांची तीव्र ॲलर्जी आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लॅटेक्सच्या वाटेला जाऊ नये.

डनलॉप की टालाले

भारतात मिळणारा गाभा बहुधा डनलॉप पद्धतीचा असतो. लॅटेक्स फेटून फेस करायचा, साच्यात ओतायचा, वाफेवर शिजवायचा. गाभ्यातली भोकं साच्यातल्या ॲल्युमिनियमच्या खिळ्यांची असतात. उष्णता आतपर्यंत पोचावी म्हणून ते खिळे. टालाले पद्धतीत साचा अर्धवट भरून निर्वात करतात, गोठवतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि मग शिजवतात. यंत्रसामग्री आणि वीज जास्त लागते म्हणून ते महाग, शिवाय बऱ्याचदा त्यात कृत्रिम लॅटेक्स मिसळलेलं असतं. टालाले जास्त हलकं आणि एकसारखं लागतं, डनलॉप भरीव. टिकाऊपणासाठी टालालेला दीडपट पैसे देण्याचं कारण दिसत नाही. मऊपणाच हवा असेल तर कमी घनतेचा डनलॉप थर वर घेतला की काम भागतं.

घनता आणि जाडी

साधारण ५५ किलोंपर्यंतच्या माणसाला ६५ ते ७० घनता पुरते. ५५ ते ८० किलोंना ७५-८०, त्यापुढे ८५-९०. कुशीवर झोपणाऱ्याने यातून एक पायरी खाली यावं, नाहीतर खांदा आणि खुबा दुखतो. पालथं झोपणाऱ्याने एक पायरी वर जावं. ‘कडक म्हणजे पाठीला चांगली’ या समजुतीपायी अनेक जण ९० घनतेची गादी घेतात आणि मग तिच्यावर गोधडी अंथरतात.

नवरा-बायकोच्या वजनात वीसेक किलोंचं अंतर असेल, तर ७८ × ७२ ची एक गादी घेण्यापेक्षा ७८ × ३६ चे दोन वेगवेगळ्या घनतेचे गाभे एकाच कव्हरात घालून घ्या. मधला सांधा चादरीखाली फारसा जाणवत नाही. दुसरा फायदा इमारतीच्या जिन्यात कळतो: ४४ किलोंचं लुळं लॅटेक्स वळणावर चार माणसांना आवरत नाही, आणि कडेला धरून ओढलं की फाटतं.

जाडी मोठ्यांसाठी ६ इंच पुरे. लहान मुलाला फळीवर ४ इंचही चालतं. ८ इंच ९० किलोंच्या वरच्यांनी घ्यावी. त्याहून जाड गादीचे पैसे उंचीचे असतात. ‘६ इंच’मध्ये कव्हरची शिवलेली रजई धरली आहे का, हे मात्र विचाराच. बरेचदा लॅटेक्स ५ इंचच निघतं, आणि ७८ × ६० मध्ये एक इंच म्हणजे ६ किलो.

बजेट २० हजारांच्या आत असेल तर थर लावलेली गादी घेऊ नका. काथ्याची किंवा घट्ट फोमची साधी ४ इंची गादी घ्या आणि वर २-३ इंची नैसर्गिक लॅटेक्सचा सुटा टॉपर, म्हणजे गादीवर नुसता अंथरायचा थर. काथ्या काही वर्षांत दबतो, तेव्हा खालची गादी बदलायची आणि टॉपर ठेवायचा. चिकटवलेल्या गादीत फोम बसला की वरचं चांगलं लॅटेक्सही भंगारात जातं. ‘रबराइज्ड कॉयर’ म्हणजे लॅटेक्सची गादी नव्हे. तो काथ्या आहे, लॅटेक्स त्यात फक्त बांधून धरण्यापुरतं असतं.

कागद आणि पलंग

प्रमाणपत्रांची नावं सारखीच वाटतात, पण कामं वेगळी आहेत. गोल्स लॅटेक्सच्या सेंद्रियपणाबद्दल बोलतं, गॉट्स कापडाच्या. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० फक्त अपायकारक द्रव्यं मर्यादेत आहेत एवढंच सांगतं. कृत्रिम लॅटेक्सलाही ते मिळू शकतं. लेबलचा क्रमांक ओको-टेक्सच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. प्रमाणपत्र कोणाच्या नावावर आहे तेही वाचा. कव्हरच्या सुताचं गॉट्स दाखवून अख्खी गादी ‘ऑरगॅनिक’ म्हणून विकण्याची पद्धत आहे. बिलावर ‘नैसर्गिक लॅटेक्स गाभा, जाडी ६ इंच, घनता ८०’ असं लिहून घ्या. हे लिहायला जो कचरतो, त्याच्याकडून पूर्ण लॅटेक्सचा भाव देऊन गादी घेऊ नये. वॉरंटीत किती खोलीचा खड्डा पडला तर गादी बदलून देणार, ते बघा. मोजायची रीत अशी: गादीवर आडवी दोरी ताणून धरायची आणि दोरीपासून खड्ड्याच्या तळापर्यंत पट्टीने मोजायचं. डाग पडला तर वॉरंटी बाद, ही ओळ बहुतेक ठिकाणी असते, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रोटेक्टर (गादी झाकणारं संरक्षक आवरण) घाला. केसांच्या तेलाचाही तोच उपाय, कारण तेलाने रबर फुगतं आणि सैल पडतं.

सुताराने केलेल्या पलंगाचं माप आतून तीन ठिकाणी घ्या आणि सर्वांत कमी मापातून अर्धा इंच वजा करून गादी सांगा. पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांत तीन इंचांपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर लॅटेक्स फटीत उतरतं. बंद प्लायच्या बॉक्स-बेडला भोकं पाडून घ्या. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात गादीच्या पोटाला बुरशी लागते ती इथूनच. हायड्रॉलिक पलंग असेल तर त्याचे पिस्टन किती वजन पेलतात ते आधी विचारा. फोमच्या हलक्या गादीला उघडं राहणारं झाकण ४४ किलोंखाली धाडकन खाली येतं.

कापसाच्या गादीला गच्चीवर ऊन दाखवायची आपली सवय इथे मोडावी लागते. उन्हाने लॅटेक्सचा वरचा थर कडक होतो आणि मग त्याचा भुगा पडतो. ओलसर वाटली तर कव्हर काढून सावलीत पंख्याखाली उभी टेकवा. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे करा.

गादी घरी आली की चोवीस तास पसरून ठेवा, मग चेन उघडा. पट्टी कडेला उभी धरून चारही कोपऱ्यांत गाभ्याची जाडी मोजा, मधला सांधा सरळ आहे का आणि खाली वेगळ्या रंगाचा थर नाही ना ते पाहा. वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग गुंडाळलेला सिंगल गाभा उचलून उभे राहा आणि दोन आकड्यांची वजाबाकी करा. डबल गादी असेल तर पोचवायला आलेल्या माणसाकडच्या चलनावर वजन लिहिलेलं असतं. त्याचा फोटो बिलासोबत ठेवा. चेनच नसलेली, चारही बाजूंनी शिवून बंद केलेली गादी कितीही स्वस्त असली तरी तिच्या पोटात काय आहे ते बघायची सोय नसते.