गाडीच्या एसीची कूलिंग कॉइल वारंवार गळत असेल तर: कंपनीकडे तक्रार कशी लावून धरली

एसी थंड करेना की सर्व्हिस सेंटर गॅस भरून देतं, महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गरम हवा. बंद सर्किटमधला गॅस आपोआप संपत नसतो, कुठेतरी गळती असतेच. माझ्या गाडीत ती डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलला होती. तिथे सतत ओल आणि धूळ साचते, अ‍ॅल्युमिनियमला बारीक छिद्रं पडतात. नायट्रोजनचा दाब देऊन किंवा गॅसमध्ये यूव्ही डाय (अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग) टाकून तपासायला सांगा. ड्रेन पाइपमधून येणाऱ्या पाण्यात डाय चमकला, तर दोषी कॉइलच.

खरी लढाई जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर असते. ‘गॅस टॉप-अप’ एवढंच लिहिलं तर कंपनीच्या नोंदीत बिघाड दिसतच नाही. सही करण्याआधी ‘गॅस गळती, कॉइल पुन्हा निकामी’ असं लिहून घ्या. जुनी कॉइल वॉरंटीत कंपनीकडे परत जाते, म्हणून तिच्या लेबलचा आणि डायच्या डागाचा फोटो काढा.

मग डीलरला वगळून कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल: चासी नंबर, प्रत्येक बिघाडाची तारीख आणि किलोमीटर, जॉब कार्डं, आणि एकच ठाम मागणी. मी लिहिलं, ‘सुधारित पार्ट द्या, नसेल तर कारण लेखी कळवा.’ कॉइल आणि गॅस कंपनीने दिला, मजुरी निम्मी लागली.

दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत.