सीतेची आसवं ओळखायची कशी (नुसत्या रंगावर जाऊ नका)

कासला किंवा कोकणातल्या सड्यांवर (उघड्या कातळाच्या पठारांवर) ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जांभळं काही दिसलं की लोक लगेच 'सीतेची आसवं' (पावसाळ्यातलं एक चिमुकलं रानफूल) म्हणून फोटो टाकतात आणि त्यात निम्मे वेळा तेरडा निघतो. रंगावरून ठरवायला गेलात की फसलात.

आधी जागा बघा. कातळावर मातीचा पातळ थर आणि वरून पाणी झिरपतंय किंवा नुसतं साचलंय, अशा ठिकाणी ही येते, शेजारी बहुतेक वेळा गेंदाची पांढरी बटणं असतातच. मग खाली वाकून बुडाशी बघा, कारण खरी खूण तिथे आहे. दोऱ्यासारखा बारीक दांडा, वीतभर किंवा त्याहून कमी, आणि त्याच्यावर पानं नाहीत. तेरड्याला खोडावर चांगली ठसठशीत पानं असतात, त्यामुळे पानं दिसली की विषय संपला.

फूल जेमतेम सेंटीमीटरभर, दोन ओठांचं. वरचा ओठ छोटा, खालचा पसरट, त्याच्यावर मधोमध फुगवटा आणि पांढरट डाग. बाजूने बघितलं तर खाली टोकदार शेपटी दिसते, तिला स्पर म्हणतात, पण स्पर तेरड्यालाही असतो बरं का, म्हणून नुसत्या शेपटीवर हो म्हणू नका. फुलाला मागून धरणारी हिरवी दलं मोजा, आसवांना दोनच असतात आणि फूल गळल्यावरही ती फळाला मिठी मारून बसतात, त्यामुळे सीझन संपत आला तरी झाड ओळखता येतं.

आता मजेचा भाग. ही वनस्पती मांसाहारी आहे! खरी मुळं नसतातच, चिखलात बारीक धागे पसरलेले असतात आणि त्यांना मिलिमीटरभराच्या किंवा त्याहून लहान पिशव्या. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडावरच्या केसांना लागला की सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत दार उघडून तो आत ओढला जातो. सड्यावरच्या मातीत नायट्रोजन कमी, म्हणून हा उद्योग. पण पिशव्या बघायला उपटू नका प्लीज, ओळखायला त्यांची गरज नाही.

फोटो तीन काढा: समोरून, बाजूने, बुडातून. एकट्या समोरच्या फोटोवरून 'नक्की कुठली' विचारलंत तर कोणी सांगू शकणार नाही, कारण युट्रिक्युलॅरियाच्या (हे सीतेच्या आसवांच्या गटाचं शास्त्रीय नाव) आपल्याकडे बऱ्याच जाती आहेत आणि काही तर बिया भिंगाखाली बघूनच वेगळ्या करतात.