वचनाच्या आधीचे वचन

बायबल वाचू लागल्यावर पहिली दोन वर्षे मी त्यातून केवळ वचने वेचली. धीर देणारी ओळ दिसली की ती वहीत उतरवायची आणि अडचणीच्या दिवशी काढून वाचायची, एवढाच माझा अभ्यास होता. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या २९व्या अध्यायातील ११वे वचन, ज्यात देव आपल्या लोकांना भविष्याची आशा देतो, ते नोकरी बदलण्याच्या खटपटीत मी कितीदा तरी म्हटले. त्याच्या अगदी लगतचे १०वे वचन मात्र कधी लक्ष देऊन वाचले नव्हते. ही आशा बाबेलातील (बॅबिलोनमधील) ७० वर्षे सरल्यावर पुरी होईल, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. हा सारा मजकूर म्हणजे यरुशलेमेहून बाबेलास बंदिवासात नेलेल्या लोकांना यिर्मयाने धाडलेले पत्र आहे, आणि त्यात घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित साधा व त्याच्यासाठी प्रार्थना करा, असेही सांगितले आहे. ज्या कचेरीतून सुटण्यासाठी मी त्या पत्राचा आधार घेत होतो, तिथेच मन लावून काम करण्याचा विचार त्याच पत्रातून माझ्यासमोर आला. तो मला मुळीच आवडला नाही.

तेव्हापासून एखादे वचन स्वतःला लावण्यापूर्वी ते कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हटले, हे मी आधी पाहतो. अध्यायांची आजची विभागणी १३व्या शतकातील आणि वचनांचे प्रचलित क्रमांक १६व्या शतकातील आहेत. मूळ लेखकांनी ते घातलेले नाहीत, म्हणून क्रमांक संपला तिथे विचार संपला असे मानू नये. ईयोब या संकटात सापडलेल्या नीतिमान माणसाच्या पुस्तकात त्याच्या मित्रांची भाषणे इतकी भारदस्त आहेत की ती सहज उद्धृत केली जातात, परंतु ४२व्या अध्यायात देव त्या मित्रांवरच रागावतो.

नवख्याने उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून क्रमाने वाचण्याचा हट्ट धरू नये, कारण अनेकांचा उत्साह लेवीय या तिसऱ्या पुस्तकातील नियमांपाशी आटतो. मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कने सांगितलेली येशूची कथा, १६ अध्यायांचे आहे आणि ते एका बैठकीत वाचून होते. बायबलमधीलच फिलेमोनाला लिहिलेले पत्र तर अवघ्या २५ वचनांचे आहे. भाष्यग्रंथ जरूर वापरावेत, पण स्वतःचे प्रश्न कागदावर उतरल्यानंतरच. आधी उघडले तर आपण उत्तरे पाठ करतो आणि मजकूर वाचायचा राहून जातो.

आचरणाविषयी माझी पद्धत अगदी साधी आहे. ‘अधिक प्रेमळ व्हावे’ असे मी लिहीत नाही. कोणाशी, कधी आणि काय करायचे ते तारखेसह लिहितो आणि आठवड्याने ते पान पुन्हा उघडतो. बहुतेक पानांवर अर्ध्याच गोष्टी झालेल्या असतात. उरलेल्या मी खोडत नाही, पुढच्या पानावर उतरवून घेतो.