नव्या गाडीचं ऑइल केव्हा बदलायचं: मोटरसायकल आणि ट्रॅक्टर, आपल्या रस्त्यांच्या हिशोबानं

नव्या मोटरसायकलचं पहिलं ऑइल ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान बदलायचं असतं. नव्या ट्रॅक्टरचं बहुतेक पुस्तकांत ५० तासांवर दिलेलं असतं. नेमका आकडा तुमच्याच गाडीच्या पुस्तकात आहे. हे पुस्तक सीटखाली पडून राहतं आणि पहिल्या पावसात त्याचा लगदा होतो, म्हणून गाडी घरी आणली त्याच दिवशी सर्व्हिसच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पहिल्या ऑइलला उशीर का चालत नाही

सिलिंडरची आतली भिंत कारखान्यात मुद्दाम बारीक ओरखड्यांची ठेवतात. पिस्टनच्या रिंगा तिच्यावर घासत घासत बसतात आणि निघालेला लोखंडाचा भुगा ऑइलात उतरतो. मोटरसायकलमध्ये गिअर आणि क्लचही त्याच ऑइलात बुडालेले, म्हणजे गिअरच्या दातांचा भुगा आणि क्लच प्लेटची पावडरही त्यातच. जोडणीच्या वेळी लावलेल्या पेस्टचे कण वेगळे. काढलेलं पहिलं ऑइल स्टीलच्या वाटीत घ्या आणि उन्हात तिरपं धरा. चंदेरी झाक फिरताना दिसेल. पहिल्या वेळी ती असायचीच. दुसऱ्या वेळी जवळजवळ गेलेली असावी. कापलेल्या नखासारखे तुकडे दिसले तर मात्र नुसतं ऑइल बदलून भागत नाही. ते तुकडे कागदात बांधून शोरूमला दाखवा, तेही वॉरंटी आहे तोवर.

रिंगा बसायच्या याच दिवसांत खताची वेळ आलेली असते. युरियाची एक गोणी ४५ किलोची. दोन टाकल्या की ९०, वर चालवणारा. हवेवर थंड होणाऱ्या शंभर सीसीच्या इंजिनाला पहिल्या हजार किलोमीटरात हे ओझं देऊ नका, आणि सकाळी चालू केल्याबरोबर रेसही करू नका. नवा ट्रॅक्टर नुसता धडधडत उभा ठेवणंही तितकंच वाईट. रिंगांवर दाब येत नाही, त्या नीट बसत नाहीत आणि पुढे ट्रॅक्टर ऑइल प्यायला लागतो. मध्यम काम द्या: आधी वखर, ट्रॉली, पलटी नांगर नंतर.

फ्री सर्व्हिसच्या कुपनावर किलोमीटर आणि दिवस असे दोन्ही आकडे असतात आणि जो आधी येईल तो धरला जातो. दसऱ्याला गाडी घेतली, सोयाबीनच्या धामधुमीत ती उभीच राहिली, तरी दिवस मोजले जातात. फ्री म्हणजे मजुरी फ्री. ऑइलचे पैसे द्यावेच लागतात. बिल आणि जॉबकार्ड सांभाळा, कारण वॉरंटीत पहिला प्रश्न त्याचाच निघतो.

त्यानंतर किती?

काही कंपन्यांच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या पुस्तकात ३००० ला टॉप-अप आणि ६००० ला बदल असं लिहिलेलं असतं. गावातला मिस्त्री १००० किंवा १५०० सांगतो. आमचं मत: गाडी रोज तालुक्याला डांबरी रस्त्यानं जाते-येते, ओझं बेताचं आहे, तर पुस्तक पाळा. गाडी वावरात जाते, पांदणीनं जाते, दुधाच्या कॅन वाहते, तर ३००० च्या पुढे जाऊ नका. दर हजाराला बदलणं म्हणजे चांगलं ऑइल सांडून देणं.

यामागचा हिशोब सोपा आहे. मीटर गाडी किती पळाली ते मोजतो, इंजिन किती राबलं ते त्याला कळत नाही. डांबरी रस्त्यावर टॉप गिअरमध्ये तासाला ५० किलोमीटर होतात. तीच गाडी काळ्या मातीच्या पांदणीत दुसऱ्या गिअरमध्ये रेटत नेली की तासाला १५. मीटरवर १५ च दिसतात, पण इंजिन तासभर फिरलेलं असतं, वारा कमी, गरमी जास्त. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना तर ऑइलची कसोटीच. ट्रॅक्टरचं ऑइल किलोमीटरवर न मोजता तासांवर मोजतात ते याचमुळे.

उलट टोकही आहे. घर ते वावर दोन किलोमीटर, गाडी बंद. संध्याकाळी पुन्हा दोन. इंजिन नीट तापतच नाही, म्हणून जळणातून तयार झालेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलातच राहतं. हिवाळ्यात अशा गाडीचं ऑइलचं झाकण उघडलं की आतून दुधाळ फेस चिकटलेला दिसतो. थोडा फेस असेल तर आठवड्यातून एकदा गाडी १५-२० किलोमीटर सलग चालवा, तो उडून जातो. आणि गाडी किती का कमी चालेना, वर्षातून एकदा ऑइल बदलाच.

आता तुमचा आकडा काढा. दुधाच्या कॅन वाहणारी गाडी धरा: तालुका १८ किलोमीटर, जाऊन-येऊन ३६, महिन्याचे २६ दिवस: ९३६ किलोमीटर. म्हणजे ३००० किलोमीटर व्हायला सव्वातीन महिने. पोळ्याच्या आसपास ऑइल टाकलं तर पुढचं दिवाळी उलटल्यावर, सोयाबीन घरात आल्यावर येतं. तारीख आणि मीटरचा आकडा सीटखाली मार्करनं लिहून ठेवा. मिस्त्री बदलला तरी आकडा बदलत नाही.

पातळी, जी कोणी पाहत नाही

इंजिनं जुन्या ऑइलानं जातात तशी कमी ऑइलानंही वाया जातात. स्प्लेंडरच्या जातीच्या ९७.२ सीसी इंजिनात ऑइल बदलताना साधारण पाऊण लिटरच बसतं. त्यातलं २०० मिली उडालं की पावपेक्षा जास्त गेलं, आणि उरलेल्याला तेवढ्याच गरमीत जास्त धावावं लागतं. दर पंधरा दिवसांनी पाहा. सपाट जागी मेन स्टँडवर लावा, तीन-चार मिनिटं चालू ठेवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसा, पुन्हा बुडवा. स्प्लेंडरसारख्या गाडीत ती आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची. आटे फिरवून बघितलं तर ती खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. साइड स्टँडवरचं मापही खोटंच.

रंगावर जाऊ नका. डिझेलचं ऑइल पाच-सहा तासांत काळं होतं, कारण ते काजळी धरून ठेवायलाच बनवलेलं असतं. बोटावर चोळून कच लागतो का, पेट्रोलचा उग्र वास येतो का, पाण्यासारखं पातळ झालं का, हे पाहा. कच लागला तर आधी एअर फिल्टर उघडा. सोयाबीनच्या मळणीचा फुफाटा आणि वणीकडची कोळशाची धूळ फिल्टरच्या फटीतून आत गेली की ऑइलाची पॉलिश पेस्ट होते, आणि मग ते दर महिन्याला बदललं तरी रिंगा जातातच. तेल लावलेला कागदी फिल्टर हवा मारून साफ होत नाही. तो बदलावाच लागतो.

कोणतं ऑइल

ग्रेड, म्हणजे ऑइलच्या जाड-पातळपणाचा आकडा, पुस्तकातला. १०डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच. ‘इकडं ऊन जास्त, जाड २०डब्ल्यू-५० टाका’ हा सल्ला कुठंही मिळतो. कंपनीनं गाडी याच देशातल्या उन्हासाठी बनवलेली आहे, आणि पहाटेच्या थंडीत जाड ऑइल वरच्या कॅमपर्यंत पोचायला वेळ घेतं. झीज नेमकी त्याच वेळी होते.

बाटलीच्या मागं ‘जासो’ या जपानी मानकाचा शिक्का पाहा: ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ गिअरच्या मोटरसायकलसाठी. ‘एमबी’ स्कूटरसाठी. मोटरसायकलमध्ये कारचं पातळ, मायलेज वाढवणारं ऑइल टाकलं की क्लच घसरतो: इंजिन ओरडतं, गाडी उचलत नाही. घरात ट्रॅक्टरची १५डब्ल्यू-४० ची बादली असते म्हणून त्यातलंच लिटरभर काढायचा मोह होतो. ते ऑइलात बुडालेल्या क्लचसाठी तपासलेलं नसतं. वाचलेले पैसे क्लच प्लेटमध्ये जातात. कार घरी असेल तर बहुतेक पेट्रोल कारना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, आणि पुस्तकात ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असेल तर ‘फारच पातळ आहे’ म्हणून बदलू नका.

सुट्टं ऑइल घेऊ नका. बाटलीचं सील स्वतः तोडा. रिकामी बाटली चाकूनं चिरून टाका, नाहीतर ती दुसऱ्या कोणाच्या हाती पुन्हा भरून येते.

घरी बदलताना

इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करा. गरम ऑइल कचरा घेऊन उतरतं, पण उकळतं नको, हात भाजतो. आधी वरची डिपस्टिक काढा, मग खाली टोपलं ठेवून ड्रेन बोल्ट सोडा. स्प्लेंडरच्या जातीला १७ नंबरचा पाना लागतो. दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. चावी बंद ठेवून दोन-तीन किका मारा, अडकलेलं ऑइल उतरतं. बोल्टचा वॉशर चपटा झालेला असेल तर नवा टाका.

आता सगळ्यात जास्त बिघडणारी जागा. इंजिनचा खालचा भाग अॅल्युमिनियमचा, बोल्ट लोखंडाचा. बोल्ट आधी हातानंच पूर्ण फिरवा. अडला तर उलटा काढून पुन्हा सरळ लावा. मग लहान पान्यानं आवळा. पान्याला पाइप लावून जोर दिला की आतले आटे वितळल्यासारखे निघून येतात आणि मग कव्हर उतरवून आटे बसवण्याचा खर्च.

बाटली ९०० मिलीची असते आणि मिस्त्री ती पूर्ण ओततो. इथंही चूक होते. पुस्तकात दोन मापं छापलेली असतात: एक ऑइल बदलताना, दुसरं इंजिन खोलल्यानंतर. आपल्याला पहिलं, लहान माप हवं. जास्त झालं की क्लच जड होतो, इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदर पाइप) ऑइल एअर फिल्टरमध्ये चढतं, सीलमधून झिरपतं. मापात ओता, दोन मिनिटं चालवा, थांबा, डिपस्टिक पाहा, लागलं तरच घाला. स्प्लेंडरसारख्या इंजिनात ऑइलचा कागदी फिल्टर नाही; जाळी आणि फिरता फिल्टर उजव्या कव्हरच्या आत असतो, तो पुस्तकातल्या टप्प्यावर मिस्त्रीकडूनच साफ करून घ्या.

ट्रॅक्टर

गुढीपाडव्याला ट्रॅक्टर आला आणि उन्हाळवाही सुरू झाली की रोजचे आठ तास. पहिले ५० तास सातव्या दिवशी भरतात. पुढचं माप बहुतेक पुस्तकांत २५० तास. त्याच वेगानं ते महिन्याभरात येतं, तेही नांगरटी ऐन भरात असताना. ‘पेरणी झाली की करू’ म्हणत ४०० तास होतात. म्हणून नांगरटीला जातानाच ऑइलची बादली आणि फिल्टर घरी आणून ठेवा. जुन्या पद्धतीचा, तारेनं फिरणारा तासमीटर ठरलेल्या आरपीएमलाच खरा चालतो. कमी आरपीएमवर तो मागं पडतो, हे ध्यानात ठेवा.

ऑइलबरोबर फिल्टर दर वेळी बदला. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ऑइल लावा, हातानं टेकेपर्यंत फिरवा, मग पाऊण फेरा. पान्यानं आवळला तर पुढच्या वेळी तो छिन्नीनं काढावा लागतो. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनवर चिकटून राहिलं नाही ना, ते बघा. दोन रबरं एकावर एक बसली की पहिल्याच रेसला सगळं ऑइल जमिनीवर. चालू केल्यावर ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत ॲक्सिलरेटर देऊ नका.

ऑइल बाथ एअर क्लीनर (ऑइलच्या वाटीतून हवा गाळणारा) असेल तर मळणीच्या दिवसांत वाटी रोज उघडा, गाळ बसला असेल तर ओतून खुणेपर्यंत नवं भरा.

सकाळी डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका. वाढलेलं ऑइल म्हणजे त्यात डिझेल किंवा पाणी उतरतंय. वास घ्या, चहासारखं दुधाळ असेल तर पाणी. ट्रॅक्टर तिथंच थांबवा, काम पुढे रेटू नका.

पुरातून मोटरसायकल काढली आणि बंद पडली तर किक मारू नका. आधी ड्रेन बोल्ट सोडून बघा. दुधाळ निघालं तर सगळं काढा, त्याच ग्रेडचं भरून पाच मिनिटं संथ चालवा, पुन्हा काढा, मग कायमचं भरा. दोन बाटल्या जातात, इंजिन राहतं. एअर फिल्टर ओला असेल तर त्याआधी तो बदला.

निघालेलं काळं ऑइल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, बैलाच्या जखमेवर तर मुळीच लावू नका. हात साबणानं धुवा. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून जुनं ऑइल विकत घेणाऱ्या गॅरेजला द्या. पाच-दहा लिटर जमलं की तेही घेऊन जातात.